हातावरचा ससाणा रानातल्या ससाण्याच्या कामी कसा आला

रीलवर हल्ली एक व्हिडिओ फार फिरतो. वाळवंट, पांढरा झगा घातलेला माणूस, हातात जाड चामडी मोजा आणि त्या मोज्यावर डोळ्यांवर टोपी चढवलेला ससाणा, टोपी काढली की पक्षी सुटतो आणि कॅमेरा मागे वळेपर्यंत सावज खाली आलेलं असतं. हे बघून आपल्या जळगाव-धुळ्याकडची पोरं विचारतात, भाऊ शिक्रा कुठं मिळेल, पाळायचाय. उत्तर आधीच देऊन टाकतो. कुठंच मिळणार नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारी पक्षी पकडणं, विकणं, घरी ठेवणं सगळं गुन्ह्यात येतं, घेणारा आणि देणारा दोघंही अडकतात, आणि यातले बरेच पक्षी पहिल्या अनुसूचीत आहेत जिथं शिक्षा ३ ते ७ वर्षं आहे.

पण नुसतं "नाही" म्हणून विषय संपवला तर एक मोठी गोष्ट सांगायची राहून जाते. ती अशी, की जगात बहिरी ससाणा संपायला आला होता तेव्हा त्याला परत आणण्यात सगळ्यात पुढे ससाणे हातावर बसवणारी माणसं होती. आणि तिथून सुरू झालेला धागा थेट आपल्या गावकुसाबाहेरच्या ढोर टाकायच्या जागेपर्यंत येतो. तो नीट समजावा म्हणून हे लिहितोय.

आधी ससाणा उडवून शिकार करायची ही कला असते काय ते बघू. लोकांना वाटतं ससाणा पाळला म्हणजे कुत्र्यासारखा मालकाला ओळखतो, मालकासाठी शिकार आणतो. तसं काही नसतं. ससाणा मालकासाठी काहीच करत नाही. तो स्वतःसाठी शिकार करतो, माणूस फक्त त्याला सावज उठवून देतो आणि शेवटी मोज्यावर मांसाचा तुकडा दाखवतो, एवढाच दोघांमधला व्यवहार. म्हणून या कलेतलं सगळ्यात महत्त्वाचं सामान टोपी नाही की घुंगरू नाही, तराजू आहे. पक्षी रोज तोलतात. दीड-दोनशे ग्रॅमचा शिक्रा पाच-सात ग्रॅमनं जास्त भरला तरी पोट भरलंय म्हणून समोरच्या झाडावर जाऊन बसतो आणि दिवसभर खाली येत नाही, आणि तेवढाच कमी भरला तर अंगात ताकद राहत नाही, थंडीच्या रात्री मरूनही जातो. हा काटा सांभाळत सांभाळत त्याला आधी मोज्यावर बसून खायला शिकवायचं, मग एका उडीवर, मग लांब दोरी बांधून, आणि मग एक दिवस दोरी सोडायची. त्या दिवसापासून पुढं प्रत्येक वेळी तो पूर्ण मोकळा सुटतो. परत यायचं की नाही हे तो ठरवतो.

आपल्याकडं ही कला जुनी. मोगलांना तिचं फार वेड, आणि बुऱ्हाणपूर म्हणजे तेव्हाच्या खानदेशचं मुख्य ठाणं, तिथं शाही शिकारीसाठी राखलेला आहूखाना आजही दाखवतात. जुन्या शिकाऱ्यांनी नर-मादीला वेगवेगळी नावं ठेवली होती, मादी ती शिक्रा आणि नर तो चिपका, मादी ती लग्गड आणि नर तो जग्गर, मादी ती तुरुमती आणि नर चटवा. कारण या पक्ष्यांत मादी नरापेक्षा चांगली मोठी असते आणि ताकदीनं भारी म्हणून किंमतही तिचीच. पक्ष्यांचे दोन गट पण त्यांनी बरोब्बर ओळखले होते. बहिरी, शाहीन, लग्गड हे लांब टोकदार पंखांचे, उघड्या आभाळात उंचावरून झडप घालणारे, बहिरीची झडप तर ताशी ३०० किलोमीटरच्या वर जाते. आणि बाज, शिक्रा हे आखूड रुंद पंखांचे, झाडाझुडपात लपून एकदम सुसाट जाणारे. स्वातंत्र्यानंतर संस्थानं गेली तसे शिकारखानेही बंद झाले, भावनगरच्या राजघराण्यातले धर्मकुमारसिंहजी हे या कलेतले शेवटच्या मोठ्या जाणकारांपैकी, आणि ते स्वतः पक्षीशास्त्राचेही तेवढेच अभ्यासक होते. बाहेरच्या देशांत मात्र ही कला चालू राहिली, २०१० मध्ये युनेस्कोनं तिला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं.

आता मुख्य गोष्ट. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी नावाचं कीटकनाशक शेतात आलं. पिकावर फवारलं, किड्यांनी खाल्लं, किडे-दाणे छोट्या पक्ष्यांनी खाल्ले, छोटे पक्षी ससाण्यानं खाल्ले. डीडीटी लघवीतून निघून जात नाही, चरबीत साठतं, त्यामुळे खालच्याच्या अंगात जे थोडंथोडं होतं ते वरच्याच्या अंगात ढीगभर झालं. ससाणा त्यानं लगेच मेला असता तर लोकांच्या लवकर लक्षात आलं असतं. झालं वेगळंच. डीडीटीपासून अंगात जो पदार्थ बनतो तो मादीच्या पोटात अंड्याच्या कवचाला कॅल्शियम मिळू देत नाही. अंडं घातलं जातं, दिसायला ठीक, पण कवच पातळ, आणि आई उबवायला त्याच्यावर बसली की तिच्याच वजनानं ते फुटतं. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. म्हातारे पक्षी कड्यावर दिसत राहतात, म्हणून सगळ्यांना वाटतं पक्षी आहेत की, पण खालून नवीन पिढी येतच नाही.

ब्रिटनमध्ये डेरेक रॅटक्लिफ या शास्त्रज्ञानं हे पकडलं. त्यानं संग्रहात जपलेली जुनी अंडी आणि नवी अंडी यांची कवचं ताडून बघितली आणि १९४७ च्या आसपासपासून कवच एकदम पातळ झालंय हे १९६७ मध्ये दाखवून दिलं. तोपर्यंत अमेरिकेच्या पूर्व भागात बहिरीची घरटी पूर्ण संपली होती. एक पण जोडी नाही. १९७२ मध्ये अमेरिकेनं डीडीटीवर बंदी घातली, पण बंदी घातल्यानं गेलेला पक्षी आपोआप परत येत नाही ना, तो आणायचा कुठून?

इथं टॉम केड आला. कॉर्नेल विद्यापीठात पक्ष्यांचा प्राध्यापक, आणि लहानपणापासून ससाणे उडवणारा. त्यानं १९७० मध्ये पेरेग्रीन फंड नावाची संस्था उभी केली. त्या वेळी बहिरीची पिंजऱ्यात वीण मोठ्या प्रमाणावर होईल यावर फारसा कुणाचा भरवसा नव्हता. कुठल्या शास्त्रज्ञाकडं तसे पक्षीही नव्हते. ते होते ससाणेवाल्यांकडं, आणि त्यांनी आपापले जीवापाड जपलेले पक्षी विणीसाठी दिले. पक्षी घाबरलाय की आजारी, कुठल्या मादीला कुठला नर चालेल, किती खाऊ घातलं की ती अंड्यावर येईल हे या लोकांना डोळ्यानं कळायचं, हे ज्ञान पुस्तकात नव्हतं. पहिली अंडी अलगद काढून घेतली की मादी पुन्हा अंडी घालते, ही युक्ती वापरून एका जोडीकडून दुप्पट पिल्लं काढली.

मग खरा पेच पुढं. पिंजऱ्यात जन्मलेलं पिल्लू जंगलात सोडलं तर त्याला शिकार शिकवणार कोण, आईबाप नाहीत. याचं उत्तरही त्या जुन्या कलेतच सापडलं. शेकडो वर्षांपासून ससाणेवाले एक करायचे, पिल्लाला पंख पूर्ण फुटायच्या आधी उंच जागी मोकळ्या पेटीत ठेवायचे, रोज ठरल्या जागी मांस ठेवायचे आणि त्याला आपलं आपण उडू द्यायचे. काही आठवडे ते आसपास भटकून पंख मजबूत करतं, पोटासाठी पेटीवर येतं, आणि ज्या दिवशी ते येईनासं होतं त्या दिवशी समजायचं की त्यानं स्वतः शिकार केली. शिकारी लोक नेमकं त्याच्या आधी त्याला पुन्हा पकडायचे. केडच्या माणसांनी सगळं तसंच केलं, फक्त शेवटचं पकडणं सोडून दिलं. साधारण पाच आठवड्यांची पिल्लं कड्यावरच्या किंवा मनोऱ्यावरच्या पेटीत ठेवायची, समोर गज, मांस पाइपातून आत टाकायचं म्हणजे देणारा माणूस पिल्लाला दिसतच नाही आणि माणूस म्हणजे जेवण हे त्याच्या डोक्यात बसत नाही, काही दिवसांनी गज काढायचे. या एका संस्थेनं अशी ४००० वर पिल्लं सोडली. १९९९ मध्ये बहिरी अमेरिकेच्या धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीतून बाहेर पडला.

मला या सगळ्यात त्या पेटीचं फार अप्रूप वाटतं. हजार वर्षांचा शिकारीचा अनुभव होता, त्यातली शेवटची एक पायरी गाळली आणि त्याचं संवर्धन झालं.

मॉरिशस बेटावर तर याहून वाईट हाल होते. तिथं खरुचीची, म्हणजे छोट्या ससाण्याची, एक जात आहे, जगात फक्त त्याच बेटावर, आणि १९७४ मध्ये तिचे रानात माहीत असलेले पक्षी उरले होते ४. चार! कार्ल जोन्स नावाच्या माणसानं तिथं जाऊन हेच उपाय केले, अंडी काढून उबवणं, पिल्लं पेटीतून सोडणं, रानात उरलेल्या जोड्यांना वरून खाऊ देणं. आज ते पक्षी शेकड्यांत आहेत.

आता धागा आपल्याकडं वळतो. १९९० च्या दशकात आपली गिधाडं गेली. ज्यांचं वय चाळीसच्या पुढं आहे त्यांना आठवत असेल, मेलेलं ढोर गावाबाहेर टाकलं की बघता बघता आभाळ भरायचं आणि दुपारपर्यंत सांगाडा. पांढऱ्या पाठीच्या गिधाडाची संख्या भारतात १९९२ ते २००७ या काळात ९९ टक्क्यांहून जास्त घटली. कारण कळत नव्हतं, सगळ्यांना वाटायचं काहीतरी साथीचा रोग असेल. ते कारण शोधलं पाकिस्तानातल्या पंजाबात लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सोबतच्या मंडळींनी, आणि त्या कामामागं होती तीच संस्था, ससाण्यासाठी उभी केलेली पेरेग्रीन फंड. मेलेल्या गिधाडांचं पोट उघडलं तर आतल्या अवयवांवर खडूसारखा पांढरा थर, म्हणजे मूत्रपिंड बंद पडून युरिक ॲसिड साठलेलं. कारण निघालं डायक्लोफिनॅक, ढोराला सूज-दुखण्यावर देतात ते स्वस्त इंजेक्शन. इंजेक्शन दिलेलं जनावर लगेच मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की गिधाडं गेली. हे २००४ मध्ये छापून आलं, २००६ मध्ये भारतानं जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आणली, २०२३ मध्ये एसिक्लोफिनॅक आणि किटोप्रोफेन पण जनावरांसाठी बंद केली. त्याच कामाचं मेलॉक्सिकॅम गिधाडांना चालतं. तुमच्या बैलाला, म्हशीला इंजेक्शन देताना डॉक्टरांना नाव विचारा, एवढं आपल्या हातात आहे.

आणखी एक सांगायलाच पाहिजे कारण ती आपल्या मातीतली गोष्ट आहे. बालछत्री नावाचा एक सापळा असतो. जाळीचा छोटा पिंजरा, आत जिवंत उंदीर किंवा चिमणी, आणि वरच्या बाजूनं घोड्याच्या शेपटीच्या केसाचे बारीक फास. वरून ससाण्यानं झडप घातली की आतल्याला काही होत नाही आणि ससाण्याचं बोट फासात अडकतं. हा भारतातल्या पक्षी पकडणाऱ्यांचा शोध. आज अमेरिकेपासून मंगोलियापर्यंत शास्त्रज्ञ पायात कडं घालायला किंवा पाठीवर ट्रान्समीटर लावायला पक्षी पकडतात तेव्हा हाच सापळा लावतात, फक्त केसाऐवजी नायलॉन, आणि नाव पण तेच, बालछत्री. पक्षी पंधरा-वीस मिनिटांत मोकळा होतो आणि मग त्याचा प्रवास कळतो.

जखमी पक्ष्यांच्या दवाखान्यात तर अर्धं सामान याच कलेतलं. उदाहरण म्हणून पीस जोडणं बघा. पक्ष्याचं पीस तुटलं की ते पुढच्या पिसगळीपर्यंत नवीन येत नाही, आणि पंखाची चार-पाच मोठी पिसं तुटलेला शिक्रा बरा होऊनही उडू शकत नाही, महिनोन् महिने पिंजऱ्यात बसावं लागतं, त्यात तळपाय सुजतात, फुप्फुसात बुरशी धरते आणि बरा झालेला पक्षी तिथंच मरतो. ससाणेवाल्यांकडं याचा इलाज जुना आहे. त्याच जातीच्या, त्याच बाजूच्या, मोजून त्याच नंबरच्या पिसाचं गळालेलं पीस घ्यायचं, दोन्हीकडं दांडा तिरका कापायचा, बांबूची बारीक तासलेली काडी अर्धी जुन्या खुंटात आणि अर्धी नव्या पिसात बसवायची, थेंबभर गोंद, आणि खाली कागद धरायचा म्हणजे गोंद शेजारच्या पिसाला लागत नाही. पिसाच्या दांड्याला संवेदना नसते, आपली नखं कापल्यासारखंच ते. पक्षी त्याच आठवड्यात उडू शकतो, आणि पुढं पिसगळ आली की जोडलेलं गळून खरं पीस येतं. म्हणून चांगल्या केंद्रात गळालेली पिसं फेकत नाहीत, जातीप्रमाणं लेबल लावून पाकिटात ठेवतात.

आता दुसरी बाजू पण तेवढ्याच स्पष्ट सांगतो, कारण ती झाकून ठेवली तर हे सगळं खोटं होईल. या शौकानं पक्ष्यांचं नुकसानही खूप केलंय. अरब शिकाऱ्यांचं आवडतं सावज म्हणजे तिलोर, माळढोकाच्या कुळातला पक्षी, हिवाळ्यात पाकिस्तानात आणि थोडा आपल्या कच्छ-राजस्थानात येणारा, आणि या शिकारीनं तो कितीतरी भागात उतरणीला लागला. चरघ नावाचा मोठा ससाणा या बाजारासाठी एवढा पकडला गेला, आणि वर विजेच्या तारांवर शॉक बसून एवढा मेला, की २०१२ पासून तो जगाच्या धोक्यातल्या यादीत आहे. आपला लग्गड तर नुसता आमिष म्हणून वापरतात, डोळे शिवून त्याला हवेत सोडायचं म्हणजे त्याच्या पायातलं सावज हिसकायला मोठा ससाणा येतो आणि फासात सापडतो. हे वाचून पोटात कालवतं. काही देशांनी वाट बदलली हेही खरं, संयुक्त अरब अमिरातीत २००२ पासून ससाण्याला पासपोर्ट लागतो, रानातल्याऐवजी पिंजऱ्यात जन्मलेले पक्षी वापरतात, अबुधाबीला १९९९ पासून ससाण्यांचा वेगळा दवाखाना आहे. पण जिथं मागणी आहे तिथं चोरटा बाजार आहेच. म्हणून माझं मत पक्कं आहे, आपल्याकडं जी बंदी आहे ती बरोबर आहे. जे वापरायचं ते त्या माणसांचं ज्ञान, तो शौक इथं परत आणायची गरज नाही.

आणि खानदेशात शिकारी पक्षी बघायला मोज्यावर बसवावाच लागत नाही. हरभरा काढलेल्या शेतात सकाळी उभं राहा, कापशी घार दिसेल, पांढरी-राखाडी, खांद्यावर काळा डाग, डोळा लालभडक. हवेत एका जागी थरथरत थांबते, पाय खाली सोडते, मग पायऱ्या उतरावं तशी टप्प्याटप्प्यानं खाली येते आणि शेवटच्या टप्प्यात उंदरावर. दिवाळीनंतर खरुच्या येतात, भोवत्ये माळावर बुटक्या उंचीनं फिरतात, हतनूर धरणाच्या पाण्यावर बदकांमागं कधी बहिरी येतो. आणि ज्वारी-बाजरीवर भोरड्यांचे थवे उतरतात तेव्हा गोफण घेऊन माळ्यावर बसलेल्या माणसाआधी तुरुमतीची जोडी कामाला लागलेली असते. सातपुड्याच्या पायथ्याला शहाद्याजवळ १९९७ च्या नोव्हेंबरात रानपिंगळा हे छोटं घुबड सापडलं, त्याआधीचा खात्रीचा नमुना १८८४ चा, म्हणजे ११३ वर्षं जगानं तो संपला असंच धरलं होतं आणि तो आपल्या सागाच्या जंगलात दिवसाढवळ्या सरडे-उंदीर धरत होता.

शिरपूरकडचे एक अप्पा शिक्र्याबद्दल मला म्हणाले होते, "हाऊ पक्षी कोंबडीना पिल्ले लई जास, त्याले कसाले वाचाडतस?" म्हणजे हा कोंबडीची पिल्लं नेतो, त्याला कशाला वाचवता? प्रश्न रास्त आहे. शिक्रा पिल्लं नेतो, खोटं कशाला बोलू. पिल्लं मोठी होईपर्यंत डाल्याखाली किंवा जाळीखाली ठेवली तर ते टळतं. पण तोच शिक्रा वर्षभर सरडे, उंदीर, टोळ, छोटे पक्षी खातो त्याचा हिशोब कुणी मांडत नाही. कृषी विभाग पक्षीथांबे लावायला सांगतो ते यासाठीच, कपाशीत-हरभऱ्यात इंग्रजी टी सारख्या काठ्या रोवल्या की दिवसा कोतवाल आणि खरुची, रात्री घुबड त्यावर बसतं.

भीती मला फवारणीची वाटते. डीडीटी शेतीत १९८९ पासून बंद आहे, पण १९९५-९६ मध्ये अर्जेंटिनात टोळांवर मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक फवारलं आणि ते टोळ खाऊन अमेरिकेतून हिवाळ्यासाठी आलेले बाजासारखे पक्षी शेताशेतात हजारोंनी मरून पडले. मोनोक्रोटोफॉस हे नाव कपाशीवाल्याला नवीन नाही. उंदरांच्या गोळ्यांचं तसंच, ब्रोमाडिओलोन खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, तीन-चार दिवस झिंगल्यासारखा उघड्यावर फिरतो, म्हणजे घुबडाला आणि कापशीला सगळ्यात सोपा तोच सापडतो. गोळ्या बिळात खोल टाकून तोंड बुजवा, आणि मेलेले उंदीर रोज उचलून पुरा.

संक्रांतीला जळगाव, धुळे, नंदुरबार सगळीकडं पतंग असतात, नायलॉन मांजा २०१७ पासून देशभर बंद आहे तरी विकला जातो, आणि त्यात घारी, शिक्रे, घुबडं अडकतात. असा पक्षी सापडला तर या जुन्या कलेतलं एवढं लक्षात ठेवा. पहिल्यांदा डोक्यावर कापड टाका. ससाण्याला टोपी घालतात ती याचसाठी, दिसायचं बंद झालं की घाबरणं पण बंद होतं, मिनिटभरात पक्षी शांत होतो. चोचीला भ्यायचं कारण नाही, जपायचं ते पंजापासून, दोन्ही पाय वरच्या बाजूनं एकत्र धरा. मांजा ओढायचा नाही, दोन्हीकडनं कापा आणि पंखात रुतलेला तुकडा तसाच राहू द्या. तुटकी पिसं उपटू नका, पीस जोडायला तो खुंटच लागतो. भोकं पाडलेल्या खोक्यात, खाली जुनं फडकं घालून अंधारात ठेवा. चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनळीत जातं, दूध-भाकरी तर अजिबात नको. मोबाईल घेऊन दहा जणांनी भोवती कोंडाळं करू नका. वन विभागाचा टोल फ्री नंबर १९२६. कायद्यानं ४८ तासांत कळवायचंच असतं, पण तुम्ही पहिल्या तासात कळवा, कारण उघड्या जखमेवर माशी बसली की दुसऱ्या दिवशी अळ्या असतात आणि मग डॉक्टरही फार काही करू शकत नाही.

आणि उन्हाळ्यात निंबाखाली शिक्र्याचं पिल्लू दिसलं, पंख फुटलेत पण नीट उडत नाही, अंगावर जखम नाही, तर ते अनाथ नसतं. आईबाप वरच्याच फांदीवर असतात आणि घरटं सोडल्यावरही बरेच दिवस त्याला भरवतात. कुत्रं-मांजर पोचणार नाही अशा फांदीवर ठेवा आणि लांब व्हा, तुम्ही तिथं उभे असेपर्यंत आई खाली येणार नाही.